डोळे मिटून भांडण

दर रविवारी दुपारी इथे कन्नड मुलखात, जयलक्ष्मीपुरममधल्या एका घरी आम्हा सात-आठ मराठी ख्रिस्ती कुटुंबांची प्रार्थनासभा भरते. तिथली एक रीत आहे. प्रत्येकाने आपली गरज नाव न घालता चिठ्ठीवर लिहून स्टीलच्या डब्यात टाकायची आणि जाताना दुसऱ्या कुणाची तरी उचलायची. मग आठवडाभर रोज त्या माणसासाठी प्रार्थना करायची. चिठ्ठी कुणाची हे शोधायचं नाही, असा नियम. मी तो कधीच पाळला नाही. सात-आठ घरांत कुणाचे गुडघे आणि कुणाचा जावई, हे ओळखायला कितीसा वेळ लागतो?

त्या रविवारी घरी येऊन चिठ्ठी उघडली आणि अक्षर बघून गारच पडले. नगरच्या शाळेत तीस वर्षं फळ्यावर उमटलेलं ते वळणदार अक्षर माझ्या सासूबाईंचं होतं. ‘आमच्या सुनेला कडकोळची नोकरी लागू नये.’

माझी मुलाखत शुक्रवारी होती. लग्नानंतर नऊ वर्षं मी घरी होते आणि कडकोळच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतली ती नोकरी मला मनापासून हवी होती. आता नियमाप्रमाणे ती लागू नये म्हणून मीच देवाला साकडं घालायचं होतं.

संताप आला. पण आमच्या घरात तोंडावर कुणी बोलत नाही. जे काय बोलायचं ते संध्याकाळच्या प्रार्थनेत, देवाला मध्ये घालून. सोमवारी मी डोळे मिटले. “हे पित्या, आमच्या सभेतल्या एका बहिणीला वाटतं, सुनेने घरीच बसावं. तिची विनंती तुझ्यापुढे ठेवते. तिला असं का वाटतं ते तूच जाणतोस, कारण ती आम्हाला सांगत नाही.” नवऱ्याने भक्तिभावाने आमेन म्हटलं. सासूबाईंचं आमेन जरा उशिरा आलं.

मंगळवारी प्रार्थना सांगायची पाळी त्यांची होती. “प्रभू, जे चिठ्ठ्यांवरची अक्षरं तपासत बसतात, त्यांना क्षमा कर.”

बुधवारी मी त्या बहिणीला नम्रता मिळावी म्हणून भरपूर वेळ प्रार्थना केली. जेवताना नवरा म्हणाला, “हल्ली तुम्ही दोघी किती मनापासून प्रार्थना करता.” आम्ही दोघींनी भात वाढून घेतला.

गुरुवारी त्या काय बोलणार आणि त्यावर मी काय बोलायचं, हे सगळं मी ठरवून बसले होते. पण त्यांचा आवाजच निराळा लागला. “प्रभू, त्या बहिणीला इथलं कन्नड येत नाही. सून बाजारात गेली आणि बेल वाजली, की ती दार उघडत नाही. आतल्या खोलीत जाऊन बसते. नगरला तिने अख्खी शाळा सांभाळली होती, म्हणून हे कुणाला सांगायची तिला लाज वाटते.” मग म्हणाल्या, “तिने मागितलं ते चुकीचं होतं. येशूच्या नावाने, आमेन.”

मी डोळे उघडले. त्यांचे मिटलेलेच होते. हिनकलच्या या फ्लॅटमध्ये आम्ही चार वर्षं एकत्र राहत होतो आणि मला यातलं काहीही माहीत नव्हतं. देवाच्या आडून दोन दिवस टोमणे मारले, त्याची फार लाज वाटली. त्या रात्री मी त्यांच्यासाठी खरोखर प्रार्थना केली, आणि नोकरीचं मागायचं राहूनच गेलं.

शुक्रवारी खाली रिक्षा आली आणि सासूबाईंनी मला दाराशी अडवून डोक्यावर हात ठेवला.

“आई, उशीर होतोय.”

“गप्प उभी राहा.”

त्यांनी माझं नाव घेऊन, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, देवाकडे ती नोकरी मागितली. मी आमेन म्हटलं. पण जिना उतरताना, मागे दाराची कडी आतून लागल्याचा आवाज आला तेव्हा, मला वाटलं की देवाने आज त्यांचं नाही ऐकलं तरी चालेल.