धुराड्याची झडप

"आपण पेटवलेली ऊब आभाळाला कशाला द्यायची?" असं फिटर म्हणायचा, आणि फायरप्लेसमधली लाकडं जळून निखारे उरले की आत हात घालून धुराड्याची झडप लावून टाकायचा.

जन्मभर त्याने नळ दुरुस्त केले होते. घर त्याच्या लेखी एक टाकी होतं. ऊब म्हणजे तिच्यातलं पाणी. दाराच्या फटींत त्याने जुन्या पँटीच्या पट्ट्या कोंबल्या, किल्लीच्या भोकात कापूस. "आमच्याकडे मुंगीलासुद्धा आधी कळवून यावं लागतं," बायको शेजारणीला सांगायची. गुडघे धरायचे म्हणून ती फायरप्लेसजवळ झोपायची, तो आतल्या खोलीत. सकाळी तिचं डोकं ठणकायचं.

"तुझा चष्म्याचा नंबर वाढलाय," तो म्हणायचा. चष्मा बदलला. डोकं ठणकतच राहिलं.

एका सकाळी ती हाका मारूनही उठेना. त्याने तिला कसंबसं उघड्यावर नेलं. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की विझत आलेल्या निखाऱ्यांतूनही विषारी वायू येतो, त्याला ना रंग ना वास. राख पार गार होईपर्यंत झडप उघडी हवी. ती वाचली, पण उजवा हात थरथरत राहिला. मुलगी तिला आपल्या घरी घेऊन गेली.

रिकाम्या घरात फिटरने एकेक पट्टी उपसून काढली. मग बायकोला आणायला मुलीच्या घरी गेला.

"धुराडं साफ करून घेतलं. घमेलंभर काजळी निघाली," तो बायकोला म्हणाला. "त्या विषारी वायूचा अलार्म बसवलाय. झडपेला आता हात लावत नाही."

"आणि लाकडं, बाबा?" मुलीने विचारलं.

"खडखडीत वाळलेली. ओली असली तर धूर फार, काजळी फार."

"पाठ छान केलंय."

"अगं, गप्प बस," बायको म्हणाली. पण तीही हसली होती, किती तरी दिवसांनी. "ठिणग्या उडतात, समोर जाळी लावलीत का?"

"लावली."

"तुम्हाला एकट्याला जेवण तरी जातं का हो?"

त्याने टोपी काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवली. ती त्याच्याकडे बघून मुलीला म्हणाली, "माझी बॅग काढ गं वरून."

मुलगी स्टुलावर चढली. तेवढ्यात उघड्या खिडकीतून गार झोत आत आला. फिटर उठला, खिडकी लावली, कडी सरकवली, आणि कुठे फट राहिली का म्हणून चौकटीच्या कडेवरून अंगठा फिरवला.

तो वळला. बायको भिंतीला टेकली होती, थरथरता हात छातीशी धरून. मुलगी बॅग धरून स्टुलावरच उभी होती.

त्याने कडी काढली. खिडकी होती तेवढी पुन्हा उघडली. खुर्चीवरची टोपी उचलली आणि एकटाच बाहेर पडला.