मी सुनेला पाणी दिलं नाही

"मावशी, त्र्यंबक रोडला कुठून जायचं?"

हे मला माझ्या सुनेनं विचारलं. गंगापूर रोडला, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, सकाळच्या लख्ख उजेडात. लग्न झाल्यापासून ती माझ्या घरात राहते.

मला आधी वाटलं थट्टा करतेय. पण अर्चना थट्टा करणाऱ्यांतली नाही. तोंड माझ्याकडे होतं आणि नजर माझ्या मागच्या भिंतीवर. ओठांच्या कडेला उलटी सुकलेली. बोटं टम्म सुजलेली, घड्याळाचा पट्टा मनगटात रुतलेला.

मी तिच्या सायकलचं हँडल दोन्ही हातांनी धरलं.

"सोडा ना मावशी. वेळ चाललाय माझा."

"कुठं निघालीस? हे बघ घर तुझं."

"सायकलला हात लावू नका. बाद करतील मला."

ती ओढत होती, मी धरून होते. येणारेजाणारे बघत होते. मग तिचा जोर एकदम गेला. मान मागे पडली, डोळे पांढरे झाले आणि सायकलसकट ती माझ्या पायांवर कोसळली. हातपाय झाडायला लागली.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहायची सवय नाही. पण नंतर सायकलवाल्यांच्या घरची माणसं एकामागून एक मला विचारत राहिली, नक्की झालं काय. प्रत्येकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहिते.

ती सहाशे किलोमीटरची राइड होती. त्याला ब्रेवे म्हणतात. शर्यत नसते, पहिला नंबर कुणाचा येत नाही. ठरलेला रस्ता ठरलेल्या वेळात पुरा करायचा आणि ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा. अर्चना आदल्या दिवशी पहाटे निघाली होती. धुळ्याच्या पुढे जाऊन परत, मग शहरातून त्र्यंबकेश्वर आणि माघारी. झोप मिळाली तर तासाभराची, तीही एखाद्या ढाब्यावर. नियम असा की शिक्क्याच्या जागा सोडून मधे घरच्यांनी काही मदत करायची नाही.

रस्ता घराजवळून जायचा असला की मी कोपऱ्यावर जाऊन उभी राहते. ती हात वर करते आणि निघून जाते. थांबत कधीच नाही. थांबलं की घर दिसतं आणि घर दिसलं की पाय गळतात, असं तिचं म्हणणं. मीही काही देत नाही, बोलत नाही. तसं घरातही आमचं फार बोलणं नसतं. माझा मुलगा मालवाहू बोटीवर नोकरीला आहे, वर्षातले बरेच महिने समुद्रात. मूलबाळ नाही. घरात आम्ही दोघी आणि हॉलमध्ये भिंतीला टेकलेली तिची सायकल. ती बँकेतून येते, जेवते, सायकल पुसते. मी टीव्ही बघते.

म्हणून त्या दिवशी तिनं ब्रेक दाबला तेव्हाच मी कोपरा सोडून रस्त्यात उतरले होते. रस्ता तिनं नंतर विचारला.

माणसं जमली. एक जण म्हणाला, चप्पल हुंगवा. शेजारची कांदा घेऊन धावली. एकानं तिच्या तोंडात पाणी ओतायला बाटली उघडली. तेवढ्यात तिच्याच राइडमधला एक पन्नाशीचा माणूस मागून आला. सायकल टाकून त्यानं सगळ्यांना मागे सारलं, तिला कुशीवर वळवलं आणि अँब्युलन्स बोलावली.

मी त्याला म्हटलं, "तुमची वेळ जाईल."

"जाऊ द्या, काकू. दरवर्षी असते राइड."

तो हॉस्पिटलपर्यंत आला. त्याच्या बुटांना खाली लोखंड होतं, फरशीवर टकटक वाजायचं. तिचं नाव, वय, राइडचं सगळं त्यानं डॉक्टरांना सांगितलं आणि दुपारी गेला. त्यालाही घर होतं.

दारावरच्या गार्डनं विचारलं, "पेशंटसोबत कोण?"

"मी."

"दुसरं मोठं कुणी नाही का, आजी?"

"मी सत्त्याहत्तरची आहे. अजून किती मोठं पाहिजे?"

त्यानं आत सोडलं.

आत तिला दुसरा झटका आला. डोक्याचा सीटी स्कॅन केला, म्हणजे मशीनमध्ये घालून मेंदूचे फोटो काढले. रक्त तपासलं. डॉक्टर बाहेर आले ते थेट माझ्याकडे, कारण दुसरं कुणी नव्हतंच.

"हिच्या रक्तातलं सोडियम एकशे तेरावर आलंय," ते म्हणाले. "एकशे पस्तीसच्या वर पाहिजे. याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. सोडियम म्हणजे आपण मीठच समजू."

"मीठ कमी खाल्लं तिनं?"

"तेही असेल. पण पाणी फार झालंय. गरजेपेक्षा खूप जास्त पाणी प्यायलीय ती."

"म्हणजे आमटीत पाणी वाढवल्यासारखं."

"तसंच. फक्त ही आमटी मेंदूपर्यंत जाते. मेंदू सुजतो आणि कवटी काही वाढत नाही. म्हणून झटके, म्हणून ओळख नाही."

मी विचारलं, "जगेल का?"

"अजून सांगता येत नाही. जगली तरी डोक्यावर किती परिणाम झालाय ते शुद्धीवर आल्यावरच कळेल. जास्त मिठाचं सलाईन देतोय, पण तेही मोजून. घाईनं सोडियम वाढवलं तर मेंदूला वेगळीच इजा होते."

एवढं सरळ बोलणारा डॉक्टर मला आवडला. आयसीयूबाहेरच्या स्टीलच्या खुर्चीवर जाऊन बसले.

कारण सगळं नंतर कळलं. आदल्या वर्षी मालेगावजवळ तिला उन्हाचा त्रास झाला होता. अंगातलं पाणी कमी पडलं, राइड सोडून सलाईन लावावं लागलं. जो तो तिला सांगून गेला, पाणी कमी प्यायलीस. तिनं ते मनाला लावून घेतलं. यावेळी घड्याळात गजर लावला होता. वाजला की प्यायचं, तहान असो नसो. धुळ्याला पोट बिघडलं, खाणं जाईना, मीठसाखरेचं पाणी गोड लागून मळमळायला लागलं, म्हणून नुसतं पाणी. वर गुडघा दुखतो म्हणून गोळ्या. त्या गोळ्यांनी मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकायला आळस करतात, असं डॉक्टर म्हणाले. उलट्या झाल्या, डोकं दुखायला लागलं, तेव्हा तिला वाटलं पाणीच कमी पडतंय. अजून प्यायली.

नर्सनं एक पुडी आणून दिली. तिची लग्नातली अंगठी. बोट सुजल्यामुळे कापून काढावी लागली होती. मी ती कमरेच्या पिशवीत ठेवली.

मुलाचा फोन लागला तेव्हा त्याची बोट कुठल्याशा बंदराच्या अलीकडे होती. आवाज तुटत होता.

"आई, मला लगेच उतरता नाही यायचं."

"तू उतरून काय करणार? डॉक्टर आहेत."

"तू एकटी आहेस."

"मी तशीही एकटीच असते," मी म्हटलं. नंतर वाटलं, बोलायला नको होतं. पण फोन आधीच कट झाला होता. त्यानं ऐकलं की नाही, मी कधी विचारलं नाही.

आयसीयूबाहेर प्रत्येक पेशंटची आठ-दहा माणसं असायची. डबे यायचे, सतरंज्या अंथरल्या जायच्या, पोरं रडायची, मोबाइल चार्जिंगवरून भांडणं व्हायची. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी, म्हणून लोक तिच्यावर पिशव्या ठेवायचे. मी त्या राखत बसायचे. आत दिवसातून दोनदा सोडत. तोंडात नळी घातलेली, हात कॉटला बांधलेले. मी उभी राहायचे आणि वेळ झाली की बाहेर यायचे. बोलायला शब्द सापडायचे नाहीत. आम्हाला सवयच नव्हती.

नळी निघाली आणि तिला वॉर्डात आणलं. सोडियम चढत होतं, पण पुरेसं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "आजी, आता तुमचं काम. दिवसभरात नर्स मोजून देईल तेवढंच पाणी. ती मागेल, रडेल. एक घोटही जास्त द्यायचा नाही."

"आणि ओळख?"

"वाट बघू."

तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "मावशी, पाणी."

दिवसभर तेच. मावशी, पाणी द्या. मावशी, घोटभर. ओठांना पापुद्रे आले होते. मी कापूस ओला करून ओठांवर फिरवायचे, तर ती कापूसच चोखायला बघायची. मी ओढून घ्यायचे. एकदा तिनं हात जोडले. ते मी कधी विसरणार नाही. आपल्याकडे दारावर आलेल्या परक्या माणसालाही आधी पाणी विचारतात.

पलीकडच्या कॉटवर लासलगावकडचा एक माणूस होता. डोक्यात रक्तस्राव झालेला. डोळे मिटूनच असायचा. त्याची बायको हिराबाई त्याच्याशी सारखी बोलायची. म्हशीचं सांगायची, जावयाचं सांगायची. उत्तर येत नव्हतं तरी सांगायची. मला तिचा हेवा वाटायचा.

वॉर्डातल्या बायका माझ्याकडे बघून कुजबुजायच्या. हिराबाईनं सरळ विचारलं, "लेक का सून?"

"सून."

"वाटलंच मला. लय तहानलीय हो ती, आजी. लेकीला असं ठेवलं नसतं तुम्ही."

"डॉक्टरांनी मना केलंय."

"डॉक्टर काय, लय सांगत्यात. पान्यानं कुनी मरतं का?"

मी कापूस पुन्हा ओला केला. मलाच ते आठवडाभरापूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

दुसऱ्या दिवशी मी औषधं आणायला खाली गेले. वर आले तर हिराबाई अर्चनाची मान उचलून तिच्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावत होती. मायेनंच लावत होती. मी धावले. या वयात मी धावत नाही. तांब्या हिसकावला, पाणी चादरीवर, माझ्या लुगड्यावर, फरशीवर. तांब्या घरंगळत कॉटखाली गेला.

"कसली कसाई बाई हाय," कुणीतरी मागे म्हणालं.

अर्चना ओल्या चादरीवरून माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाली,

"आई, तुम्ही माझी सायकल का धरली?"

मी कॉटची कड धरली.

"बाद झाले ना मी?"

"झालीस," मी म्हटलं. "गप झोप आता."

"एकच शिक्का राहिला होता, आई."

"दोन राहिले होते. झोप."

मी बाहेर जिन्यात जाऊन बसले. हिराबाई मागून आली आणि शेजारी टेकली. मग पदराखालून भाकरी काढून अर्धी माझ्या हातात दिली. "सकाळपासून काय खाल्लं नाय तुम्ही. मी बघत व्हते." मी खाल्ली. त्या सगळ्या दिवसांत मी कुणाबरोबर बसून खाल्लेलं तेवढंच.

तुमच्या घरात कुणी लांबची सायकल चालवत असेल, नाहीतर धावत असेल, तर माझं ऐका. पाणी कमी पडतं तसंच जास्तही होतं, आणि दोन्हींत माणूस उलट्या करतो, गळून जातो. दिसायला सारखंच. तहान लागेल तेवढं प्यावं, सोबत खारट काहीतरी पोटात जावं, दुखण्याच्या गोळ्या गिळत चालवू नये. बोटं सुजली, डोकं दुखून उलट्या झाल्या, माणूस भलतंच बोलायला लागला, तर पाणी पाजत बसू नका. हॉस्पिटलात न्या आणि सोडियम बघायला सांगा. माझ्या सुनेच्या डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते हे. तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

अर्चना घरी आली. काही दिवस शब्द अडायचे, किल्ली कुठं ठेवली ते विसरायची. आता ठीक आहे. अंगठी सांधून आणली, पण ती घालत नाही. मुलगा उतरला तेव्हा ती बँकेत जायला लागली होती. महिनाभर राहिला, पुन्हा गेला. हॉस्पिटलातलं तिला फार आठवत नाही. मी हँडल धरलं ते मात्र पक्कं आठवतं, आणि त्याचा राग अजून आहे. कधीतरी जेवताना म्हणते, "हात लावायला नको होता तुम्ही." मी म्हणते, "वाढू का अजून?"

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सायकल पुन्हा सुरू झाली. मी अडवलं नाही. अडवून ती घरात बसली असती, पण आमच्यात काही बोलणं वाढलं असतं असं नाही. फक्त एक नियम माझा घातला. रस्ता घरावरून असला की कोपऱ्यावर थांबायचं, पाय जमिनीला लावायचा आणि माझं नाव घ्यायचं. आई नाही. माझं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. मग जायचं. तिच्याबरोबरचे हसतात. ती चिडते, घेते, निघून जाते. मी तिच्या सायकलचा मागचा लाल दिवा वळणापर्यंत बघते आणि घरी येते. घरात त्या दिवशी कुणी नसतं.

हिराबाईचा नंबर मी घेतला होता. आम्ही घरी आलो त्याच आठवड्यात मी फोन केला. फोन तिच्या जावयानं उचलला.

तिचे मालक गेले होते. अर्चना जगली.