चैत्रगौरीपुढची पाणीपुरी

प्रिय मुक्ता आणि ईशान,

गेल्या रविवारी फोनवर मुक्ताने मला पंच नेमलं. तिच्या हॉस्टेलवरची ढाक्याची मुलगी म्हणते फुचका, म्हणजे त्यांची पाणीपुरी, आमचा, काठमांडूची म्हणते आमच्याकडे कधीपासून खातात, आणि आपली मुक्ता म्हणते पाणीपुरी भारताची, विषय संपला. वाद इतका वाढला की दोन दिवस तिघी एका टेबलावर जेवल्या नाहीत. मी शिकलेली, म्हणून मी इंग्रजीत निकाल लिहून द्यायचा आणि मुक्ता तो मैत्रिणींना दाखवणार, असं ठरलं. म्हणजे तिनेच ठरवलं.

मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. इंग्रजीत लिहिणं मला जड नाही. पण हे मी मराठीतच लिहिणार आहे, आणि तुम्ही दोघांनी ते हळूहळू का होईना, वाचायचं आहे. निकाल मी देणार नाही. असाच एक निकाल बोरीवलीत माझ्या बाहेरच्या खोलीत लागायला निघाला होता, आणि माझ्या आईने, म्हणजे तुमच्या पणजीने, उरलेलं आयुष्य कुठे काढायचं ते त्यावर ठरणार होतं. तुमच्या बाबाला ती गोष्ट अर्धवट आठवते. म्हणून मीच क्रमाने सांगते.

आम्ही इंदूर सोडलं तेव्हा तुमचा बाबा चार वर्षांचा होता. ऐंशीनंतरची ती पहिलीच वर्षं. आजोबांना चारकोपच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. स्टेशनवर माझे वडील आले होते. त्यांनी प्रत्येक ट्रंकेवर स्वतःच्या वळणदार अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: भांडी, पुस्तकं, अंथरुणं. गाडी हलायच्या आधी ते खिडकीशी येऊन म्हणाले, "आता तू आपल्या माणसांत चाललीस. तिथे सगळेच मराठी." त्यांच्या आवाजात थोडा हेवा होता. आमच्या पाच पिढ्या इंदुरात गेल्या होत्या. महाराष्ट्र आम्हाला लग्नपत्रिकांवरच्या पत्त्यांतून माहीत. आईने डब्याची गाठ पुन्हा एकदा आवळली.

बोरीवलीची आमची सोसायटी अर्धी मराठी, अर्धी गुजराती. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पहिल्याच आठवड्यात जिन्यात एक बाई मला कौतुकाने म्हणाल्या, "तुम्ही मराठी किती छान बोलता हो." मी आयुष्यात दुसरं काही बोललेच नव्हते. पण मी भाजीला सब्जी म्हणे, घाईत 'जल्दी करा' म्हणे, आणि तेवढ्यावर सगळ्या इमारतीत मी 'तिकडची' ठरले. वडिलांना पत्रात मी हे कधी कळवलं नाही. मी शहाण्या विद्यार्थ्यासारखी कामाला लागले. शब्द बदलले, गोडा मसाला बदलला, साडीचा पदर घ्यायची पद्धतसुद्धा बदलली. दोन वर्षांत मी जवळजवळ पास झाले होते.

मग वडील गेले. इंदूरचं घर भाड्याचं, ते सोडावं लागणार होतं. चुलतभावाने आईला त्याच्याकडे एक खोली देऊ केली होती. मी म्हटलं, माझ्याकडे ये. आई सावध बाई. ती म्हणाली, "महिनाभर राहून बघते. जमलं तर राहीन. तुझ्या घरात पाहुणी म्हणून मरायचं नाही मला." तो महिना चैत्राचा होता.

आता तुम्हाला चैत्रगौर सांगायला हवी. चैत्रात गौर पाळण्यात बसवतात, तिच्यापुढे आरास मांडतात आणि महिनाभरात एक दिवस शेजारपाजारच्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावतात. कैरी घातलेली वाटली डाळ देतात, पन्हं देतात, आणि जाताना प्रत्येकीच्या ओटीत भिजवलेले हरभरे घालतात. प्रत्येक घरी हळदीकुंकू म्हणजे प्रत्येक घरचे हरभरे. आमच्या इंदूरच्या गल्लीत आई एका दिवसात तीन-तीन घरी जाऊन येई आणि पदरभर हरभरे घेऊन येई. देवीचा प्रसाद, टाकता येत नाही. मग सकाळी हरभऱ्याची उसळ, संध्याकाळी हरभऱ्याची उसळ. आम्ही भावंडं रडकुंडीला यायचो.

शेजारी शर्माबाई राहायच्या, त्या घरी पाणीपुरी करत. तिकडे तिला पानीपताशे म्हणतात. त्यांनी आईला रव्याच्या पुऱ्या शिकवल्या. आईने त्यांत उकडलेले ओटीचे हरभरे भरले आणि वरून पन्हं ओतलं, पण गूळ कमी करून, हिरवी मिरची, पुदिना आणि काळं मीठ वाटून घातलेलं. आम्ही मुलांनी त्या दिवशी हरभरे मागून खाल्ले. पुढच्या वर्षी आईने त्या पुऱ्या गौरीपुढेच ठेवल्या. इंदुरात कोणी भुवईसुद्धा उचलली नाही. मला तर मोठी होईपर्यंत वाटायचं, चैत्रगौर म्हणजे हेच.

आणि हेच मी आईला बोरीवलीत करू दिलं नाही. ते मला इथे लिहायचंच आहे, कारण माझी पुढची सगळी हिंमत त्या लाजेतून आली. मी म्हटलं, "आई, इथे डाळ आणि पन्हं एवढंच. ते आपलं दुसरं नको." आई "बरं" म्हणाली. पण सकाळी नातवासाठी म्हणून तिने पुऱ्या तळल्याच, हरभरे आणि तिखट पन्हंही केलं. मी ते सगळं एका ताटात घालून स्वयंपाकघरात फडताळावर ठेवलं, वर दुसरं ताट झाकलं. आईही आतच राहिली. नवरा गेलेली बाई हळदीकुंकवाच्या दिवशी बाहेर येत नसे. ती रीत होती, आणि मी तीही मोडली नाही. मला पास व्हायचं होतं.

बायका आल्या. मानाने पहिल्या कारखानीसकाकू. त्या मूळच्या गिरगावच्या, आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. कोणत्या सणाला काय, हे सगळी इमारत त्यांना विचारूनच करी. त्यांनी डाळ चाखली आणि मान डोलावली. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात शेजारच्या इलाबेन पाणी प्यायला आत गेल्या आणि ताटासकट बाहेर आल्या. गालात एक पुरी होतीच.

"सुधाबेन, हे लपवून ठेवलं तुम्ही? कैरीची पाणीपुरी! फर्स्ट क्लास!"

सगळ्या हसल्या, काकू सोडून. त्या माझ्याकडे वळून समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "सुधा, तू तिकडची, तुला माहीत नसेल. गौरीच्या दिवशी ठेल्यावरचं खाणं करत नाहीत गं. मराठी घरात तरी नाही."

यावर इलाबेन उसळल्या. ठेल्यावरचं काय म्हणता, पाणीपुरी आमची, अमारा सुरतमां घरोघर बने. काकू म्हणाल्या, तुमची कसली, भय्ये घेऊन आले ती बनारसहून. कोणी म्हणालं, माझ्या दिरांनी वाचलंय, ती राजवाड्यातून आली. कोणी म्हणालं, महाभारतातून. दहा मिनिटं सगळ्या एकदम बोलत होत्या. गौर पाळण्यात एकटी पडली होती. तळमजल्यावरच्या सावंतबाई तेवढ्या शांतपणे खात होत्या. त्यांना कौल विचारला तर त्या म्हणाल्या, "ता मराठी आसा काय नाय, माका ठावक नाय. माका आणखी एक दी."

पुन्हा हसू झालं. पण काकूंना विषय सोडायचा नव्हता. त्या म्हणाल्या, "खायला कोण नको म्हणतंय? पण आपलं ते आपलं. ही तिकडची माणसं सगळं मिसळून टाकतात, मग आपलं काय राहिलं तेच कळत नाही."

स्वयंपाकघराचं दार चार पावलांवर होतं. आईने ते ऐकलं हे मला कळलं, कारण आतला भांड्यांचा आवाज थांबला. मी तोंड उघडलं असतं तर बरं झालं असतं. मी उघडलं नाही. आई ओला हात पदराला पुसत बाहेर आली, गौरीच्या पाळण्यापासून दोन हात लांब उभी राहिली, आणि शिकवणीच्या मुलीला विचारावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली:

"हरभरे ओटीचे आहेत. पन्हं कैरीचं आहे. पुरी मला शेजारच्या शर्माबाईंनी शिकवली, त्या ब्राह्मण की बनिया ते मी विचारलं नाही. यातलं गौरीला काय चालत नाही तेवढं सांगा. मी ते काढून ठेवते."

काकूंनी ताटाकडे पाहिलं. त्यांना खरोखर काही काढून दाखवायचं असावं, पण काढायचं काय? मग त्या म्हणाल्या, "तसं नाही हो. पद्धत असते एकेक."

"असते ना," आई म्हणाली. "ही माझी आहे."

तेव्हा कुठे माझे पाय हलले. मी इलाबेनच्या हातातलं ताट घेतलं, पाच पुऱ्या वाटीत ठेवल्या, शेजारी आईने केलेल्या पन्ह्याचा पेला, आणि ते दोन्ही गौरीपुढे नैवेद्य म्हणून मांडलं. पाणी फिरवलं. मग आईला आरामखुर्चीत बसवलं, पाळण्याच्या अगदी शेजारी. काकू उठल्या. मी त्यांची ओटी भरायला हरभरे घेतले तर म्हणाल्या, राहू दे, नंतर कधीतरी. भरल्या चैत्रात ओटी न घेता जाणं म्हणजे काय, ते सगळ्यांना कळत होतं. त्यांच्यामागे आणखी तिघी गेल्या. उरलेल्यांनी ताट रिकामं केलं.

त्या संध्याकाळी आईने तिची पिशवी खुंटीवरून काढली आणि मला वाटलं, ही निघाली. तिने आतून अर्धवट राहिलेलं लोकरीचं विणकाम काढलं आणि पिशवी घडी करून ट्रंकेच्या तळाशी ठेवली. एवढाच तिचा होकार. ती बोरीवलीत अकरा वर्षं राहिली. पाहुणी म्हणून एक दिवसही नाही.

काकू पुढच्या चैत्रात आल्या. डाळ घेतली, पन्हं घेतलं, ओटी घेतली, आणि आईने पुढे केलेली पुरी हात जोडून नाकारली. असं अकरा वर्षं चाललं. आई दरवर्षी पुढे करी, काकू दरवर्षी हात जोडत. दोघींनी आवाज चढवला नाही आणि दोघी एक इंचही मागे सरल्या नाहीत. मला दोघींबद्दल आदर आहे, पण मी आईच्या बाजूला आहे.

त्या पहिल्या चैत्रानंतर मी चिडून वाचनालयात बसले. पाणीपुरीचं मूळ शोधून काकूंच्या तोंडावर मारायचं, असा माझा बेत होता. इंग्रजी पुस्तकं, मराठी पुस्तकं, जे मिळेल ते चाळलं. पक्कं काहीच सापडलं नाही. ज्याने लिहिलं होतं, त्याच्या गावाच्या आसपासच ती जन्मली होती. एवढं मात्र कळलं, की पुरीतला बटाटा आणि पाण्यातली मिरची दोन्ही समुद्रापलीकडून जहाजांतून आली. म्हणजे आपापला झेंडा लावून भांडणाऱ्या सगळ्यांच्या वाटीत निम्मं सामान परक्याचं. मी वह्या मिटल्या. माझ्या लक्षात आलं की काकूंना खोटं पाडायला मी काकूंचाच प्रश्न घेऊन बसले होते.

काही वर्षांनी गंमत झाली. कैरीची पाणीपुरी आमच्या दोन्ही विंगांत पसरली. इलाबेनच्या घरी ती दर उन्हाळ्यात होऊ लागली, त्यांच्या मुलुंडच्या बहिणीने ती 'आपली जुनी सुरती' म्हणून माझ्याचसमोर वाढली. आणि दुसऱ्या मजल्यावर नव्याने आलेल्या एका सूनबाईने मला समजावून सांगितलं, "काकू, ही इथली जुनी मराठी पद्धत आहे, चैत्रगौरीला करतात." मी तिला दुरुस्त केलं. मुलुंडच्या बहिणीलाही केलं. म्हटलं, ही पुरी इंदूरच्या शर्माबाईंची आणि त्यातलं सगळं माझ्या आईचं. देशांची, प्रांतांची भांडणं मी सोडून दिली आहेत. पण एखाद्या बाईचं नाव पुसून तिथे प्रांताचं नाव लिहिलं, तर मी आजही भांडते.

तर मुक्ता, तुझ्या मैत्रिणींना माझा निकाल देऊ नकोस. त्यांच्या घरी ती कोण करतं, ते विचार. ढाक्याच्या मुलीची आजी चिंचेत काय घालते ते लिहून घे आणि मला पाठव.

तुम्ही मला नेहमी विचारता, तुझं घर नेमकं कुठलं, इंदूर की मुंबई. इंदूरचं घर गेलं. बोरीवलीची ती इमारत पाडली, तिथे उंच टॉवर उभा आहे आणि मी त्याच्या नवव्या मजल्यावर राहते. काकू नाहीत, सावंतबाई नाहीत, तुमची पणजी नाही. ज्या जागेत मला कोणाची परीक्षा द्यावी लागत नाही ती माझं घर, आणि अशी जागा मला मिळाली नाही, आईने आणि मी ती केली.

चैत्रातलं हळदीकुंकू माझ्याकडे अजून होतं. पुऱ्या घरी तळते. गेल्या वर्षी एकोणीस बायका आल्या, त्यांतल्या पाच जणींचे नवरे गेलेले होते. सगळ्या बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या.

तुमची,
आजी