उकिरड्यात पडलेला पिक्चर

माझ्या भाच्याइतका रिकामा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा नाही, आणि त्याच्याइतका कामात बुडालेलाही नाही. तो माहितीपट काढतो. म्हणजे ज्यात हीरो नाही, गाणं नाही, मारामारी नाही, असला पिक्चर. चुडाव्याच्या स्टेशनावर यानं एकदा दिवस मावळेपर्यंत नुसत्या बाकड्याचं शूटिंग केलं. मी विचारलं, "बाकडं काय करायलंय रे?" तर म्हणे, "मामा, वाट बघायलंय." आणि हेच पुण्यात पोरांना शिकवतो! मी चौथीत शाळा सोडली ते लय बेस झालं.

त्याचा एक कायदा आहे, कॅमेऱ्याकडं कुणी बघायचं नाही. बघितलं की चित्र नासलं. सोनपेठच्या बाजारात एक मिरचीवाली कॅमेऱ्यात बघून "घ्या की दादा" म्हणाली, तर गडी रुसून एसटीनं परत.

दोन-तीन उन्हाळ्यांमागं गावी, पोखर्णीला आला, आईच्या शेवया टिपायला. आई म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का. पाटावर केसासारखी शेवई वळायची. पण हात कापायला लागले, तशी म्हणाली, "यंदा शेवटच्या." आता हुकलं तर पुन्हा मिळायचं नाही, म्हणून हा कासावीस. आम्हा सगळ्यांना दम भरला, "मी इथं नाहीच असं समजा." घरी आलेल्या लेकराला पाणीसुद्धा विचारायचं नाही, ही कुठली रीत? पण आमी शब्दाचे पक्के.

अक्का वळायलेली, हा कॅमेऱ्यात डोळा घालून मागं मागं सरकायलेला, आणि गेला की उकिरड्यात! कमरेपर्यंत. कॅमेरा तेवढा वर धरलेला, चालूच. "मामा, धरा मला!" मी मान वळवली नाही. म्हटलं, "तू तर इथं न्हाईस बाबा." शेवया वाळत घालायला आलेल्या शेजारणींनीही माना वर केल्या नाहीत.

अक्का तेवढी उठली. पाट कलंडला, शेवया मातीत. "लेकरू पडलं की रे मेल्यांनो!" म्हणत पिठाच्या हातांनी धावली, सरळ कॅमेऱ्याकडं बघत.

शेवयांचा पिक्चर काही झाला नाही. तो धावण्याचा तुकडा मात्र त्यानं ठेवला. वर्गात पहिल्या दिवशी तोच दाखवतो म्हणे. परवा माझ्या मोबाईलवर पाठवला. "लय हालतंय," एवढंच मी कळवलं. मग अक्काकडं घेऊन गेलो. ती आता बाजेवरून उठत नाही. फोन डोळ्यांशी धरून तिनं तो तुकडा शेवटपर्यंत बघितला.

"अरे, कशी पळायलेय बघ मी," म्हणाली. "लाव की पुन्हा."