होडीतली निळी रेघ

अंजुम म्हंजी आमच्या शेजारच्या गनीभाई सुताराची लेक. मुळा धरनाच्या कडेला आमचं गाव. बापानं जन्मभर दारं-चौकटी केल्या, हिनं त्याच पटाशीनं लाकडावर चित्रं कोरली, ती कागदावर छापली. लोक म्हनायचे, पोरीला खूळ लागलंय. लागलं तर लागलं! कुनाच्या बापाचं काय जातं?

धरनावर मासे धरनारी आमची मानसं तिनं एका फळीवर उतरवली. मधी होडीत उभे, जाळं फेकनारे आमचे हे, बिभीषण. घेतलं बाई नाव, आता काय लाजायचं!

रंग चार, पन फळी एकच. आधी पिवळा लावायचा, वर कागद ठेवून पळीच्या पाठीनं घासायचं, असे सगळे कागद छापायचे. मग तीच फळी आनखी कोरून त्याच कागदांवर लाल. मग निळा, शेवटी काळा. जेवढं कोरून काढलं तेवढं आधीच्या रंगात ऱ्हातं. एकदा कोरलं की मागं फिरनं न्हाई. एक हात चुकला तर सगळ्या कागदांची माती. म्हनून पोरगी बिस्मिल्ला म्हनूनच पटाशी उचलायची.

त्या दुपारी काळ्याची पाळी हुती. वारं लई सुटलं. हे धरनावर, फोन लागंना. घरात जीव थाऱ्यावर राहीना, म्हनून अंजुमकडं जाऊन बसले. ती होडीच्या कडंच्या लाटा कोरत हुती.

"येतील भाऊ. बसा वहिनी."

"त्या मेल्या वाऱ्याला सांग!"

तेवढ्यात पडवीचा पत्रा धाडकन उडाला. मी किंचाळून तिचा दंड धरला. पटाशी सटकली ती थेट होडीत घुसली.

"आता गं?"

"आता काय, छापायचं," ती म्हनाली. डोळे भरले हुते तिचे.

पहिला कागद उचलला. काळ्या होडीत, ह्यांच्या पायाशी, निळी रेघ. पानीच ते! पुढचा कागद, त्याच्यातबी पानी. सगळ्यात पानी.

"बास कर गं बाई!" मी रडायलाच लागले.

दिवेलागनीला हे मला हुडकत तिच्या दारात आले. चिंब भिजलेले, पन जिते. ह्यांची नजर दोरीवर वाळत घातलेल्या कागदांवर गेली. जवळ जाऊन त्यांनी त्या रेघंवर बोट ठेवलं.

"होडी हितंच फुटली. डब्यानं पानी उपसत कसाबसा काठाला लागलो. तुमाला कुनी सांगितलं?"

अंजुमनं माझ्याकडं बघितलं. तिचा दंड धरलेला हात मी पदराखाली घेतला.