पहिला पसा शिंगाड्याचा

उपवासाला तुमच्या ताटात शिंगाड्याचा शिरा येतो, तेव्हा तो शिंगाडा पाण्यात उतरून काढणाऱ्या बाईनं तसला शिरा आयुष्यात एकदा तरी खाल्ला असेल का, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे? मला नव्हता पडला. कष्टकऱ्यांच्या बाजूनं तासभर न थांबता बोलू शकणारा मी. पण तोही मला माझ्या वर्गातल्या काऊननं विचारावा लागला.

तिचं खरं नाव माधुरी. गोंदियातल्या आमच्या कॉलेजात त्या नावानं तिला फक्त हजेरीपट ओळखायचा. आमच्या झाडीपट्टीत ‘का’ला ‘काऊन’ म्हणतात, आणि ती दिवसातून इतक्यांदा ‘काऊन?’ म्हणायची की पहिल्या सत्रातच तिचं तेच नाव पडलं. त्याचा तिला राग नव्हता. वर्गाच्या दारातून कोणी ‘ए काऊन’ अशी हाक मारली की ती वळून म्हणायची, ‘काऊन?’

गाव चोरखमाऱ्याच्या बाजूचं. तिचे बाबा बोडीत, म्हणजे शेताकाठच्या लहान तलावात, शिंगाडा लावायचे. शिक्षणासाठी ती गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीला मावशीकडे राहायची आणि सायकलनं कॉलेजात यायची. हिवाळ्यात तिच्या बोटांची टोकं काळी असायची, कारण कच्चा शिंगाडा सोलताना लागणारा डाग साबणानं जात नाही. मुली नाक मुरडायच्या. ती दोन्ही हात पुढे करून दाखवायची, ‘आमच्या बोडीची मेंदी आहे. लावून देऊ का?’

दुसऱ्या वर्षाला आम्हाला ‘उद्योजकता विकास’ नावाचा विषय लागला. माझ्या घरी कॅलेंडरपेक्षा मोर्चांची पत्रकं जास्त. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळे हा विषय म्हणजे पोरांना नफेखोरी शिकवायचा डाव, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी तिला ऐकवलं. ती म्हणाली, ‘मंग तू पहिल्या बाकावर काऊन बसला आहे?’

सर तळमळीचे होते, पण त्यांचा जीव पडद्यावरच्या स्लाइडमध्ये होता. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं, उद्योजकानं आधी बाजारातली पोकळी शोधावी. मागून आवाज आला, ‘काऊन, सर? आधी घरी काय पडून आहे, ते काऊन नाही पाहाचं?’ वर्ग हसला. सरही हसले आणि पुढच्या स्लाइडवर गेले. ती मात्र तिथंच थांबली. पुढच्या आठवड्यात प्रत्येकानं आपली व्यवसायाची कल्पना मांडायची होती. कोणी मोमोजची गाडी मांडली, कोणी टी-शर्टवर छपाई, कोणी चहाचं दुकान. काऊननं सरांच्या टेबलावर बोडीतले काटेवाले, चिखलाचे शिंगाडे ओतले. सरांनी एक उचलला आणि काटा टोचून खाली टाकला.

‘आमचा शिंगाडा कच्चाच ट्रकात जाते, सर,’ ती म्हणाली. ‘कुठंतरी त्याचं पीठ होते आन तेच पीठ गोंदियाच्या दुकानात येते. मधातलं काम आमी काऊन नाही करत?’

सरांनी रुमालानं बोट पुसलं आणि विचारलं, ‘तुमच्याकडे पीठ कसं करतात?’

‘करतच नाही. आमी उकडून खातो. माझ्या मायनं शिंगाड्याचं पीठ पाहिलं नाही, शिरा तर दूरच.’ मग तिनं माझ्याकडे पाहून विचारलं, ‘सांग ना, नेहमी भाषण देत राहते. जिच्या बोटाले काटा टोचते, तिच्या ताटात शिरा काऊन नाही?’

कल्पना मांडून गुण मिळवणं सोपं होतं. काऊननं ती गावात नेली. तिची माय आणि आणखी आठ बाया तयार झाल्या. त्या वर्षीचा अर्धा शिंगाडा त्यांनी ट्रकात न देता ठेवून घेतला. ट्रक घेऊन आलेल्या व्यापाऱ्यानं तिथंच बजावलं, या वर्षी ज्यांनी माल अडवला त्यांच्या बोडीवर पुढच्या वर्षी माझी गाडी थांबणार नाही. म्हणजे काऊनचं पीठ चाललं नाही तर नऊ घरांचा पुढचा हंगाम पाण्यातच सडणार होता. हे तिला नीट ठाऊक होतं. महिनाभर तिनं भेटेल त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. शिंगाडा उन्हात काळा काऊन पडते? पिशवीत घाम काऊन येते? मावशी म्हणायची, ‘ही झोपेतही काऊन म्हणते बाप्पा.’

पाकिटावरचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यावर घाम, लूट, दलाल आणि संघर्ष असं सगळं घातलं. तिनं ते वाचलं आणि विचारलं, ‘पिठाच्या पाकिटावर एवढा राग काऊन? बाई शिरा करन का मोर्चा काढन?’ शेवटी तीनच ओळी उरल्या. शिंगाडा पीठ. नऊ बायांनी सोललेलं. उपवासाला चालतं.

बाजारातल्या मोठ्या किराणा दुकानात आम्ही पाकिटं घेऊन गेलो. शेठनं वरही न पाहता सांगितलं, ‘छोड़ जाओ बेटी, देखेंगे,’ आणि पाकिटं फडताळात मागच्या रांगेला गेली. तेव्हा काऊननं थेट उपवास करणाऱ्या बायकांनाच गाठायचं ठरवलं. मार्गशीर्ष चालू होता. शहरातल्या एका भजनी मंडळातल्या बायकांनी गुरुवारच्या फराळासाठी पाकिटं घेतली. मंडळाच्या प्रमुख कमलाबाईंनी तर पाठीवरून हात फिरवला.

तिसऱ्या गुरुवारी त्याच कमलाबाईंनी तिला बोलावून घेतलं. मी सोबत होतो. त्यांनी चहा विचारला नाही. काऊनच्या तळहातावर चिमूटभर पीठ ठेवलं.

‘घास बोटानं. कसं लागतं?’

‘चांगलं लागते, काकू.’

‘रवाळ लागतं ना? तो तांदूळ आहे. धानाच्या गावात जन्म गेला माझा, बोटांना कळतं. थालीपीठ खाऊन झालं आणि मग हात पिठाला लागला. लग्न होऊन आले तेव्हापासून एक गुरुवार मोडला नव्हता. तू मोडवला.’

काऊननं ते पीठ मुठीत धरलं. बाहेर येऊन सायकलवर बसली ती थेट मुर्रीच्या चक्कीवर, जिथं आमचं पीठ दळलं जायचं. चक्कीवाले मामा म्हातारे, प्रेमळ. त्यांना आमचा चेहरा पाहून काही उमगेना.

‘मामा, माझा शिंगाडा दळताना त्यात तांदूळ गेला का?’

‘गेला नाही, मीच टाकलो,’ मामा अभिमानानं म्हणाले. ‘आधी गहू दळला होता ना. तुझा माल उपवासाचा, म्हणून पसाभर तांदूळ फिरवून दगड साफ केलो, मंग तुझा टाकलो. तुझ्याचसाठी तर केलो, बाई.’

आमच्या मुलखात तांदळानंच सगळं शुद्ध होतं. अक्षता तांदळाच्या, ओटी तांदळाची, चक्कीचा दगडही तांदळानंच स्वच्छ करायचा. उपवासाला तांदूळ चालत नाही हे मामांना माहीत होतं. पण दगडाला चिकटून राहणारा तांदूळ हाही तांदूळच, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. शिंगाडा पिकवणाऱ्या नऊ बायांच्याही मनात ते आलं नाही, कारण पीठ हा प्रकारच त्यांच्या घरात कधी शिरला नव्हता.

काऊन चक्कीच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, ‘सगळ्यायले काऊन म्हणून विचारली. एका मामाले नाही विचारली.’

दुसऱ्या दिवशी ती घरोघर जाऊन सगळी पाकिटं परत घेऊन आली. ते पीठ फेकायचं नाही म्हणून मुर्रीला मावशीच्या घरात पंधरा दिवस दोन्ही वेळेला त्याच्याच भाकरी झाल्या. मीही खाल्ल्या. त्या फार वाईट लागायच्या आणि मावशी विचारायची, ‘अजून एक देऊ का?’ गावाहून मायचा फोन आला. बाया विचारत होत्या, आता काय? व्यापाऱ्यापर्यंत बातमी पोचली होती आणि तो हसत होता.

सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून समजावलं. महिन्याभरानं व्यवसायाच्या कल्पनांची कॉलेजां-कॉलेजांतली स्पर्धा होती आणि काऊनचं पीठ त्यात जाणार होतं. ‘तांदळाची भानगड त्यात दाखवू नको. आपली बाजू कच्ची पडते.’

‘काऊन, सर? तेच तर शिकली मी.’

सरांनी मान डोलावली. त्या दिवशी मला त्यांच्याविषयी पहिल्यांदा आदर वाटला, कारण या वेळी ते तिचा प्रश्न टाळून पुढच्या स्लाइडवर गेले नाहीत.

मग तिनं मला माफीचं पत्रक लिहायला सांगितलं. मला वाटलं, आता माझा दिवस आला. मी बाजारव्यवस्थेपासून सुरुवात केली आणि चक्कीवर आलो. तिनं पेन घेतलं. ‘मामाचं नाव काऊन टाकला? दगड त्यायचा, पीठ माझं. “उपवासाला चालतं” हे कोण लिहून दिलं होतं?’ मी लिहून दिलं होतं. पण तिनं माझंही नाव येऊ दिलं नाही. तिच्या पत्रकात इतकंच राहिलं: आमच्या पिठात तांदूळ गेला. चूक माझी आहे. पुढचं पीठ तुमच्या डोळ्यांसमोर दळू. या. खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि मुर्रीच्या चक्कीचा पत्ता. आयुष्यात मी पुष्कळ पत्रकं वाचली आहेत, पण त्यातल्या एकाही पत्रकावर ‘चूक माझी आहे’ हे वाक्य पाहिलेलं नाही. आमच्या सगळ्या पत्रकांत चूक नेहमी दुसऱ्याची असते.

कमलाबाईंनी ते दारातच वाचलं. ‘कागद वाचून माझा गुरुवार परत येतो का?’

‘नाही येत, काकू. म्हणूनच बोलवायले आली. दळताना तुमी उभ्या राहा. हात लावून पाहा. नाही म्हणाल तर मी हे काम बंद करतो आन गावात जाऊन तसं सांगतो.’

‘आणि त्या गावातल्या बाया?’

‘त्यायले काय सांगाचं ते मीच पाहीन.’

कमलाबाईंनी पत्रक घडी करून कमरेला खोचलं. हो म्हणाल्या नाहीत.

महाशिवरात्र जवळ आली होती. मामांची चक्की आठवड्यात एकच दिवस बंद असे, दगड काढून पुसायला तोच दिवस ठरवून काऊननं तो मंडळाला कळवला, आणि नेमकी त्याच दिवशी कॉलेजांची स्पर्धा होती. सरांनी दोनदा फोन केला. काऊन म्हणाली, ‘सर, तिकडे मी नसली तर दुसरी कोणी बोलन. इकडे मी नसली तर दळन कोण?’

सकाळी नऊही बाया वाळलेल्या शिंगाड्याची पोती घेऊन मुर्रीत उतरल्या. मामांनी चक्की उघडून दगड काढला, ब्रशनं घासला, ओल्या कापडानं पुसला आणि उन्हात ठेवला. आम्ही रस्त्याकडे पाहत होतो. दगड वाळला तरी कोणी आलं नाही. काऊन काळ्या बोटांनी एक शिंगाडा फिरवत होती. मग एक ऑटो थांबला. कमलाबाई उतरल्या, मागून आणखी तिघी.

मामांनी दगड बसवला. पोत्यातून पसाभर शिंगाडा घेऊन चक्कीत टाकला आणि ते पहिलं पीठ बाजूला काढून गाईपुढं ठेवलं. ‘आता तांदूळ बंद,’ ते म्हणाले. ‘आता पहिला पसा शिंगाड्याचाच.’ चक्की सुरू झाली. कमलाबाईंनी पदर नाकाला लावून पीठ पडताना पाहिलं, चिमूट घेतली, बोटांत घासली, जिभेवर ठेवली. नऊ बाया त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या.

‘बारीक आहे,’ कमलाबाई म्हणाल्या. ‘गोड आहे.’ आणि आणखी एक चिमूट घेऊन, ‘चालतं.’

मग त्यांनी बायांना सहज विचारलं, तुमच्याकडे शिरा कसा करता? काऊनची माय हळूच म्हणाली, ‘आमी नाही करत जी. आमी उकडूनच खातो.’ कमलाबाईंनी पदर खोचला आणि मावशीच्या स्वयंपाकघरात शिरल्या. मुर्रीच्या त्या ओट्यावर शिंगाड्याचा शिरा झाला आणि पहिलं ताट मायच्या हातात गेलं. तिनं एक घास घेतला. दुसरा घेतला.

‘एवढं गोड रायते का हे?’ ती म्हणाली. ‘आन आमी एवढे साल...’

काऊन आतून तूप घेऊन आली आणि मायच्या ताटात ओतत राहिली. ‘पुरे गं,’ माय म्हणाली. ‘काऊन पुरे?’ ती म्हणाली.

संध्याकाळी सर आले. इस्त्रीच्या शर्टावर पीठ उडत होतं, पण ते मागे सरले नाहीत. स्पर्धेत आपल्या कॉलेजाला काही मिळालं नाही, असं त्यांनी सांगितलं आणि मामांना विचारून दोन पाकिटं भरायला बसले. महाशिवरात्रीचा प्रसाद मंडळानं त्याच पिठाचा केला. आठवड्याभरात त्या शेठचा निरोप आला, ‘वो कमलाबाई वाला आटा भेज दो.’ काऊननं पाकिटं पाठवली, एका अटीवर: ती पुढच्या रांगेत ठेवायची. पुढच्या हंगामात व्यापाऱ्याची गाडी बोडीवर थांबली, तेव्हा त्याला देण्यासारखा माल कोणाकडेच उरला नव्हता. नऊ बायांची वाट तोवर अख्ख्या गावानं धरली होती.

मी नागपूरला छापखान्यात नोकरीला निघालो तेव्हा ती गोंदियाच्या स्टेशनवर आली. हातात पाकीट होतं. ‘तू जाऊन राहिला, ठीक आहे. पण काऊन जाऊन राहिला, ते कुठंतरी लिहून ठेव.’ मी अजून लिहू शकलेलो नाही. पण तेव्हापासून एक सवय लागली आहे. पत्रक लिहायला बसलो की पहिल्या ओळीआधी स्वतःला विचारतो, यात माझी चूक कुठं आहे? निम्म्या वेळा कागद फाडावा लागतो.

आता तुमच्याकडे एक मागणं. पुढच्या उपवासाला दुकानात शिंगाड्याचं पीठ हातात घ्याल, तेव्हा पाकीट उलटून पाहा आणि दुकानदाराला दोन प्रश्न विचारा. हे कोणी सोललं? आणि त्या बाईनं याचा शिरा खाल्ला आहे का? तो म्हणेल, तुम्हाला काय करायचं आहे. तेव्हा तिथून हलू नका. मोठ्यानं म्हणा, काऊन?