बाळंतिणीचे लाडू

निमोण्याच्या चांगदेवला ती बाई फार कळली होती, असं म्हणता येणार नाही. पुणे ते दिल्ली विमानात शेजारी बसली, तेवढीच ओळख. कवठे येमाईची, झेंडू लावणारी, लेकीच्या बाळंतपणाला निघालेली, एवढंच ठाऊक. तिचं सिंधूबाई हे नावसुद्धा त्याला वर्षभरानं कळलं, शिरूरच्या एसटी स्टँडबाहेर लागलेल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरून. फोटो पाहून तो तिथंच कट्ट्यावर बसला. गाडी निघून गेली तरी उठला नाही.

विमानात त्या दिवशी चूक त्याचीच होती. मुलानं फोनवर सांगितलं होतं, "आप्पा, तिकिटातच जेवण आहे." चांगदेवच्या लेखी जेवण म्हणजे पंगत. बसलं की ताट यायचंच. म्हणून विमानात चढायच्या आधीच त्यानं शुगरचं इंजेक्शन टोचून घेतलं. विमान मात्र किती तरी वेळ जागेवरच उभं. उडालं, तर जेवणाचा गाडा पुढच्या रांगांतच अडकलेला. शेवटी त्यांच्यापाशी आला तेव्हा गाड्यावरची पोरगी हसून म्हणाली, "सॉरी सर, जेवण संपलं," आणि खाऱ्या दाण्यांची चिमूटभर पुडी ठेवून गेली.

"बरं," चांगदेव म्हणाला. मागून घेणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. हात थरथरत होते. पुडी फाटेना. डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले.

"आप्पा, घाम कशानं आला हो?" बाई वाकून बघू लागली. "शुगर हाय का तुम्हाला?"

"हाय. इंजेक्शन घेतलंय."

"उपाशीपोटी? आन् वर बरं म्हणता व्हय! आमचे मालकबी असेच, मरतील पण मागणार न्हाईत." ती ओरडली, "ए पोरी, गोड कायतरी आण, पळ!"

पोरगी पळाली, पण बाईला दम कुठला? तिनं पायाशी ठेवलेल्या पिशवीतून डबा काढला. लेकीसाठी नीट चिकटपट्टी लावून बंद केलेला. ती पट्टी तिनं दातांनी तोडली. वाढायच्या आधी आडनाव विचारणारी माणसं चांगदेवनं आयुष्यभर पाहिली होती. हिनं नावही विचारलं नाही. डिंकाचा लाडू फोडला आणि सरळ त्याच्या तोंडाशी धरला.

"अहो, बाळंतिणीचं हाय हे..."

"मग? खावा गुमान. दूध न्हाई यायचं तुम्हाला, भिऊ नका."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. त्याही अवस्थेत चांगदेवला हसू आलं. लाडू पोटात गेला, मागोमाग ज्यूस, मग आणखी एक लाडू. हळूहळू हात थाऱ्यावर आले. बाईनं डब्यातले उरलेले लाडू सारखे करून ठेवले, मोकळी जागा दिसू नये म्हणून.

दिल्लीत सामानाच्या पट्ट्याशी दोघं उभी होती. आभार कोणत्या शब्दांत मानावेत, हे चांगदेव मनात जुळवत होता. तेवढ्यात तिची बॅग आली. ती उचलून बाई निघाली आणि मध्येच मागं वळली.

"आप्पा, खरं सांगा, खोबरं खवट तर न्हवतं लागत?"

"न्हाई ताई. चांगलं होतं."

"मग झालं. आमची लेक लई नाक मुरडती."